चुन्याचे सहा हात

गच्चीवरचा दिवा घालवा आधी. आणि जिन्यापाशी कोण बसलंय ते पुढे या, ही गोष्ट मी ओरडून सांगणार नाही. मध्येच कुणी “मग काय झालं, मग काय झालं” केलं, तर तिथेच थांबेन आणि खाली जाऊन झोपेन. सांगून ठेवते.

ही ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलाची आहे. भाचा रंगारी. चित्रांचा नव्हे, भिंतींचा. भूतबीत मानणाऱ्यातला नाही. दोनच गोष्टींना भितो, भिंतीतल्या ओलीला आणि बायकोला. आणि मी कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. चौतीस वर्षं दवाखान्यात आया होते. साथीच्या वॉर्डात दुसऱ्या बाया पाऊल टाकायला कांकू करायच्या, तिथे मी डबा उघडून पोटभर जेवायचे. एवढी माणसं जाताना पाहिली, परत आलेलं एकही पाहिलं नव्हतं.

“नव्हतं? म्हणजे मग पाहिलंस?”

गप्प बस. शेवटी तूच सांग मला.

तीन वर्षं झाली. डिसेंबरची नऊ तारीख, मंगळवार. संध्याकाळी सव्वासातला भाचा माझ्याकडे आला, जुन्या चादरी मागायला. रंगाच्या कामाला जमिनीवर अंथरायच्या होत्या. मी एक फाटकी दिली, एक धड. म्हणाला, “मावशी, दोन्ही फाटक्याच दे ना, चांगली खराब होईल.”

मी म्हटलं, “चांगली चांगलीच परत आण. नाहीतर तुझी खराबी होईल.”

हसला. खूश होता. चार दिवसांपूर्वी मुलगी झाली होती त्याला. बायको अजून दवाखान्यात होती, दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला सोडणार होते. तोपर्यंत त्यांचा संसार एका सुताराच्या कारखान्यावरच्या खोलीत होता. खाली दिवसभर फर्निचरला पॉलिश चालायचं. त्या वासाने मोठ्या माणसाचे डोळे चुरचुरायचे, तिथे चार दिवसांचं पोर कसं ठेवणार? म्हणून पायपीट करकरून त्याने गोदीमागच्या जुन्या वस्तीत एक जागा भाड्याने मिळवली. तीन मजली घर, पहिल्या मजल्यावर एक मोठी खोली, आत छोटं स्वयंपाकघर. वरचा मजला रिकामा. किल्ली हातात आली त्याच दिवशी दुपारी. म्हणजे रंगाला एकच रात्र.

“जेवून जा,” मी म्हटलं.

“नको गं, पुट्टी भिजवायचीये,” म्हणाला, आणि चादरी बगलेत मारून गेला.

त्या घराच्या तळमजल्यावर एक म्हातारा शिंपी राहतो. पुढे दुकान, मागे बिछाना. ऐंशी ओलांडलेली, पण सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवतो. त्याने भाच्याच्या हातातली चढायची घोडी, गोणी, बादल्या बघितल्या आणि म्हणाला, “रात्रभर खरडणार का रे? वरून धूळ गळली ना, तर हे नवरदेवाचे कोट तूच घाल आणि तूच उभा राहा मांडवात.”

“माझं झालंय लग्न, काका.”

“मग भोग,” म्हातारा म्हणाला, आणि मशीन चालू केलं.

आता रंगाचं एक शास्त्र आहे, ते भाच्याकडून ऐकून ऐकून मला पाठ झालंय. हल्लीचा प्लास्टिक रंग जुन्या चुन्यावर धरत नाही. सहा महिन्यांत सालपटं सुटतात. म्हणून खाली चुना निघाला, की तो सगळा खरवडायचा, थेट गिलावा दिसेपर्यंत. आळशी रंगारी वरच्यावर पुट्टी फिरवतो आणि पळतो. भाचा आळशी नाही. त्यातून घर स्वतःला राहायचं. पाळणा त्याच भिंतीशी लागायचा होता.

खिडकीकडची मोठी भिंत त्याने आधी धरली. पाणी मारलं आणि लोखंडी पत्रीने खरवडायला लागला. वर गुलाबी निघाला, त्याखाली पोपटी, त्याखाली निळा. एकेका भाडेकरूची एकेक हौस. दहा वाजेपर्यंत ते सगळं जमिनीवर आलं. मग लागला पांढरा. चुना.

आणि तो जरा थबकला.

चुना दर वर्षा-दोन वर्षांनी देतात. दोन हातांच्या मध्ये धुराची, धुळीची एक काळसर रेघ असते. कापलेल्या भिंतीत ती रेघ रंगाऱ्याला दिसते, लाकडातल्या वर्षांच्या रेघा सुताराला दिसतात तशी. इथे रेघच नव्हती. पांढऱ्यावर पांढरा, पांढऱ्यावर पांढरा. चुन्याचे पाच-सहा हात, एकामागोमाग एक, चार-चार दिवसांनी दिलेले असावेत तसे.

“एवढा चुना कोण मारतं?” तो स्वतःशीच म्हणाला.

पहिला पापुद्रा अख्खाच्या अख्खा सुटून आला. त्याच्यावर खालच्या कोपऱ्यात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, कोळशाने आकडे लिहिले होते. २९-१०-११. त्याला वाटलं, दोन हजार अकरा. मग त्याचं त्यालाच हसू आलं. वरचे तीन रंग काय बारा-पंधरा वर्षांत जुने झाले? हे अकरा साल मागच्या शतकातलं होतं.

घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

तेव्हा त्याला पहिल्यांदा ऐकू आलं. श्वास. असा तसा नव्हे. नळात हवा अडकल्यावर पाण्याआधी जी शिट्टी येते, तसा. आत घेताना शिट्टी. सोडताना खरखर.

पाठीमागून येत होता.

त्याने मान वळवली. खोली रिकामी. दिवा, घोडी, चादरी. तो जिन्यात जाऊन आला. खाली शिंप्याचा दिवा मालवलेला. म्हातारा घोरतो, असं म्हणून भाच्याने पुन्हा पत्री उचलली.

दुसरा हात निघाला. त्यावर २६-१०-११.

आता दोन श्वास.

“आजी, तेव्हाच पळायचं ना त्याने!”

पळून कुठे जाणार रे शहाण्या? अर्धी खरवडलेली भिंत. सकाळी अकरा वाजता पोर घरी यायचं. कारखान्यावरची खोली सोडून दिलेली. तू नाही पळालास परीक्षेच्या आदल्या रात्री, पुस्तक उघडलं नव्हतंस तरी? माणूस काम अर्धं टाकून पळत नाही, तो काम लवकर संपवायला बघतो. भाच्याने तेच केलं. त्याने स्वतःला सांगितलं, जुनी घरं, जुने नळ. हात जोरात चालवायला लागला.

तिसरा. २२-१०-११. हा तिसरा श्वास खालून येत होता. जमिनीलगत. लहान होता.

चौथा. १७-१०-११. आणखी लहान.

आता त्याने मागे बघायचं सोडून दिलं. तो भिंतीकडे तोंड करून होता. आणि ती सगळी, त्याच्या पाठीकडे.

पाचवा. १४.

कोणीतरी खोकलं. कोरडं. मग गिळायचा प्रयत्न केल्याचा आवाज... आणि ते गिळलं गेलं नाही.

मला सांगताना तो म्हणाला, “मावशी, ती मला काही करत नव्हती. नुसती बसली होती. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसतात ना, तशी.”

सहावा हात सुटला. ११-१०-११. खाली गिलावा. मातकट, कोरडा, उघडा.

सहा श्वास.

दोन वाजून वीस मिनिटं. वेळ अशी पक्की, कारण तेवढ्यात त्याचा फोन उजळला. दवाखान्यातून बायकोचा मेसेज होता. तो वाचणार, तोच मागून, अगदी खांद्याशी...

“बाळ?...”

आवाज नव्हता तो. घसा बसलेल्या बाईचा नुसता वारा.

“बाळ... कुठाय?...”

भाच्याचे डोळे फोनवर होते. आणि चार दिवसांचा बाप तो. बाळाचं कुणी विचारलं की तोंडून जे येतं तेच आलं. समोरच्या फोनवर होतं तेच. मोठ्याने वाचल्यासारखं बोलला.

“बरी आहे. दूध प्यायली. झोपली.”

...

सगळे श्वास थांबले. सहाच्या सहा. एकदम.

त्याने वळून बघितलं. चादरीवर एक सुरकुती नव्हती. खोली अशी हलकी वाटली म्हणाला, की त्याला रडू आलं. सकाळपर्यंत त्याने सगळीकडे पुट्टी ओढली; बाकीच्या भिंती खरवडायला वेळच उरला नव्हता. सहाला माझ्याकडे चहाला आला, आणि अंगावरच्या पांढऱ्या धुळीसकट खुर्चीत बसून सगळं सांगितलं.

“संपलं, मावशी,” म्हणाला. “तिला काय हवं होतं? बाळाची खबर. मिळाली. गेली.”

मी विचारलं, “कुठे गेली?”

“कुठे म्हणजे? सुटली.”

“अरे मुर्खा,” मी म्हटलं, “पोराची खबर लागली की आई सुटत नसते. उठून निघते.”

त्याचा चहा तसाच राहिला.

मी त्यांना त्या घरात जाऊ दिलं नाही. सूनबाईला सांगितलं, पुट्टी ओली आहे, आठ दिवस इथे राहा. तिला रात्रीचं काही सांगितलं नव्हतं. बाळंतिणीला काय सांगायचं? ती म्हणाली, “मावशी, तुम्हाला उगाच त्रास.” मी म्हटलं, “त्रास होईल तेव्हा मीच देईन, तू झोप.” पाळणा माझ्या खोलीत, माझ्या पलंगाला लागून ठेवला.

पहिली रात्र. पोर रडत उठलं. मी डोळे उघडले. सूनबाईला हाक मारणार, तोच रडणं थांबलं. असं... मध्येच. हुंदका अर्धा राहिला. कुणी उचलून घेतल्यावर थांबतं तसं.

घड्याळ बघितलं. दोन वीस.

मग आवाज आला. चुक्... चुक्... चुक्...

चौतीस वर्षांत हा आवाज मी हजार वेळा ऐकला असेन. मूल अंगावर पितं तेव्हा येतो. सूनबाई पलीकडच्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेली. मी पाळण्यात वाकून बघितलं. पोर एकटंच. डोळे मिटलेले. ओठ चालू. हवेत.

सकाळी मुलगी अंगावर प्यायला तयार होईना. तोंड फिरवायची. पोट भरलेलं मूल फिरवतं तसं. सूनबाईच्या छातीत दूध दाटून ती कळवळायला लागली, आणि पोर मजेत झोपलेलं.

दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच. दोन वीस.

दिवसा चमच्याने पाजायचो, तेवढं दोन-चार चमचे जायचं. दवाखान्यातून आली तेव्हा दोन किलो आठशे होती. शुक्रवारी दोन सहाशे. शनिवारी सकाळी दोन चारशे साठ. डॉक्टरीणबाईंनी घसा बघितला, पोट बघितलं, रक्त घेतलं. काही सापडेना. म्हणाल्या, “भूक लागल्यासारखी वागतच नाही ही. उद्या सकाळपर्यंत नीट प्यायली नाही तर भरती करा. हे वजन आणखी उतरून चालणार नाही.”

सूनबाई माझ्याकडे बघून म्हणाली, “मावशी, माझं दूध वाईट आहे का हो?”

तेव्हा मात्र मला राग आला. भिण्याच्या आधी मला नेहमी राग येतो, ते बरं आहे. चपला घातल्या आणि गोदीमागे गेले.

शिंपी कोटाला अस्तर लावत होता. मी सरळच विचारलं, “वरच्या खोलीत अकरा साली कोण मेलं?”

त्याने वर न बघता विचारलं, “एकच कोण?”

“सहा. मला ठाऊक आहे सहा. कोण ते सांगा.”

सुई कोटात खोचून त्याने मला स्टूल दिलं. “त्या साली या वस्तीत साथीवर साथ होती. आधी पटकी, मग देवी, मग घटसर्प. गोदीला बोट लागली, की आठवड्यात काहीतरी उतरायचंच. वर एका आगवाल्याचं बिऱ्हाड होतं, बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचा तो. तो समुद्रावर. घरात बायको, सासू, चार पोरं. आणि बारा दिवसांची मुलगी. घटसर्प म्हणजे...”

“मला शिकवू नका. घशात पांढरा पडदा धरतो. श्वास शिट्टीसारखा येतो.”

“हां. थोरला पोरगा गेला अकरा तारखेला. म्युनिसिपालटीची माणसं आली. दाराला बाहेरून कडी. मग घरातलं एक माणूस गेलं, की राहिलेल्यांना जिन्यात बसवायचे, आत गंधक जाळायचे, भिंतींना चुन्याचा एक हात मारायचे. कोपऱ्यात कोळशाने तारीख घालायचे, साहेबाला तपासायला. मग उरलेले परत आत आणि कडी. ओल्या चुन्यात झोपायची ती माणसं. सहा वेळा चुना लागला. शेवटची ती बाई.”

“आणि बाळ?”

त्याने खोचलेली सुई काढून पुन्हा खोचली.

“माझी आजी तेव्हा याच दुकानात होती. तिने पहिल्याच रात्री खिडकीतून दोरीने टोपली उतरवून घेतली. पलीकडच्या गल्लीत तिची बहीण बाळंत झाली होती, ती पाजेल म्हणून. गल्ली ओलांडून गेली, टोपली खाली ठेवली, फडकं बाजूला केलं... टोपलीतच गेलं होतं पोर.”

“आणि हे वर सांगितलं नाही.”

“कसं सांगणार हो? वर पाच माणसं मरणाच्या रांगेत. आजी रोज संध्याकाळी जिन्यात उभी राहून बंद दाराला सांगायची. बरी आहे. दूध प्यायली. झोपली. अठरा दिवस सांगितलं. एकदाच आतून ती बाई म्हणाली होती, मग रडत कशी नाही? मला ऐकू का येत नाही?... आजी म्हातारपणी सगळं विसरली. माझं नाव विसरली. एवढं नाही विसरली.”

मी उठले. जिन्याकडे बघितलंसुद्धा नाही. वर जाण्यात काही अर्थ नव्हता. ती वर नव्हतीच.

रस्ताभर एकच गोष्ट डोक्यात. अठरा दिवस तिने तेच ऐकलं, आणि एकही दिवस पटलं नाही. खोटं होतं, आईला कळतं. शंभरावर वर्षं बसली होती तशीच, विचारत. आणि एका रात्री एक माणूस भिंतीकडे तोंड करून तेच बोलला... आणि तो खरं बोलत होता. त्याला खरंच मुलगी होती. ती खरंच दूध प्यायली होती. म्हणून पटलं.

त्या रात्री मी भाच्याला बाहेरच्या खोलीत झोपवलं. म्हणाला, “मी बसतो तुझ्याबरोबर.” मी म्हटलं, “तू एकदा बोललास तेवढं पुरे झालं.” सूनबाई रडून रडून झोपली होती. मी पाळण्याशी स्टूल टाकून बसले.

दोन. दोन दहा.

पोर चुळबुळलं. रडलं. बारीक आवाज झाला होता तिचा.

दोन वीस.

रडणं तुटलं.

चुक्... चुक्...

थंडी वगैरे काही नाही वाटली मला. चुन्याचा वास आला. ओल्या चुन्याचा.

मी म्हटलं, “बाई, खाली ठेव तिला.”

चुक्... चुक्...

“ऐकतेस ना? ही तुझी नाही.”

ओठ हलत होते. मी पाळण्याची दांडी धरली.

“तुझी गेली. त्याच रात्री गेली, टोपलीत. गल्ली ओलांडायच्या आत. तुझ्याशी अठरा दिवस खोटं बोलले. वाईटाने नाही बोलले. मीही बोललेय असं, वॉर्डात, कितीजणींशी... मला वाटायचं मी दया करतेय. तुला रडणं ऐकू येत नव्हतं. बरोबर होतं ते. तुझे कान चुकले नव्हते, बाई. रडायला कोणी नव्हतंच.”

ओठ थांबले.

...

पोराचा श्वास चालू आहे का, ते बघायला मी वाकले. तिच्या चेहऱ्यापर्यंत माझा चेहरा पोचला नाही. मध्ये काहीतरी होतं. नव्हतं काही... पण होतं.

किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. घड्याळ समोर होतं आणि मी बघितलं नाही.

मग एक श्वास ऐकू आला. एकच. आत घेतलेला, शिट्टीसारखा, लांब... लांब...

सोडलेला ऐकू आला नाही.

आणि पोर कडाडून रडलं. अख्खी इमारत उठेल असं. सूनबाई धडपडत उठली, तिने उचललं, छातीशी लावलं. पोर गटागटा प्यायलं. ठसका लागला, पुन्हा प्यायलं. सूनबाई हसत होती, रडत होती, मला म्हणत होती, “मावशी, बघा ना, बघा ना!” मी बघत होते. पहाटेपर्यंत बघत होते.

रविवारी सकाळी सातला शिंप्याचा भाच्याला फोन आला. “अरे, रात्री येऊन काम केलंस, तर निदान खाली तरी सांगायचं. छतातून पांढरं ठिबकतंय माझ्या मशीनवर.”

भाचा रात्रभर माझ्याच घरी होता. खोलीची किल्ली त्याच्याच खिशात.

आम्ही दोघं गेलो. कुलूप जसंच्या तसं. त्याने उघडलं. शुक्रवारी दिवसाउजेडी जाऊन त्याने चारही भिंतींना फिकट पिवळ्या प्लास्टिक रंगाचे दोन हात दिले होते, मुलीसाठी म्हणून. तो पिवळा रंग आता फक्त वर, छताजवळ दिसत होता. खाली सगळं पांढरं. चारही भिंती. चुना.

“प्लास्टिकवर चुना धरत नाही, मावशी,” भाचा म्हणाला. पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. “धरतच नाही.”

त्याच्याकडे त्या घरात चुन्याचा खडासुद्धा नव्हता. बादल्या पालथ्या होत्या, कोरड्या. ब्रश बांधून ठेवलेले.

मी भिंतीजवळ गेले. ब्रशचं काम नव्हतंच ते. बोटांचे फराटे होते, पाच-पाच, खालून वर, खालून वर. खोलीभर. आणि एका ठरावीक उंचीवर सगळीकडे थांबलेले. मी पाठ भिंतीशी लावली, हात वर केला, चवड्यांवर उभी राहिले. माझी बोटं जिथे पोचली, तिथेच. सहा जणांचे सहा हात झाले होते, टोपलीतल्या पोराचा सातवा राहिला होता.

मग मी वळून त्या चुन्यावर तळवा ठेवला.

ओला होता. आणि कोमट.